साडेपाच तासांची चूक

सोमा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंचरला एका हॉलमध्ये वीस-पंचवीस माणसांपुढं उभा राहून त्याचीच गोष्ट सांगत होतो. हे मी सजवून लिहीत नाही, अगदी तसंच घडलं. पाणी वापर संस्थांच्या लिपिकांचं शिबिर होतं आणि मी गेली चार-पाच वर्षं अशा प्रत्येक शिबिरात जी गोष्ट सांगतो, तीच चालू होती. "आमचा एक मित्र होता, लई हुशार, पण त्याला रोज मशीनमध्ये नवीन काहीतरी टाकायची खोड होती..." इथपर्यंत आलो आणि खिशातला मोबाइल थरथरला. घोडेगावला सोमाच्या दुकानाशेजारी झेरॉक्सचं दुकान आहे, तिथून फोन होता. "रामभाऊ, सोमाभाऊ गेले." मी विचारलं, "कुठं गेले?" खरंच असंच विचारलं मी. पलीकडचा माणूस म्हणाला, "सकाळी शटर वर करताना छातीत कळ आली. अर्धं शटर वर गेलं व्हतं..." मी "बरं" म्हणालो आणि फोन खिशात ठेवला. समोरची माणसं माझ्याकडं बघत होती. आणि मी, काय सांगू तुम्हाला, पुढचं वाक्य बोललो. गोष्ट पुरी केली. ती हसायची जागा आली तेव्हा लोक हसले. मग खुर्चीत बसलो आणि मला कोणीतरी पाणी दिलं.

सोमा चव्वेचाळीस वर्षांचा होता. त्याला जाऊन आता सहा आठवडे होतील. या सहा आठवड्यांत मला दोन धक्के बसले, एक तो गेल्याचा आणि दुसरा ती गोष्ट खोटी निघाल्याचा. जी गोष्ट सांगून मी शहाणा ठरलो, ती मुळापासून उलटी होती. ती सुलट करून सांगायची म्हणून हा लेख लिहायला बसलो आहे. सोमाच्या आठवणी लिहायच्या तर आधी त्याच्या नावावर मी चढवलेली चूक उतरवली पाहिजे.

सोमा आंबेगावच्या पश्चिमेकडचा, डोंगरातला. भात आणि नाचणी पिकवणारं घर. त्याचं मूळ गाव धरणाच्या पाण्यात गेलं, मग वडलांनी वर चढावर दोन खोल्या बांधल्या. आश्रमशाळेत शिकला, आयटीआय केलं, पुण्यात एका दुकानात संगणक दुरुस्तीला लागला. आमची संस्था जुन्नर तालुक्यात, राजुरीच्या अलीकडं पाटावरच्या तीन गावांची. आवर्तन सुटलं, म्हणजे धरणातून पाटाला पाणी सुटलं, की कोणाच्या शेताला किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत पाणी, याची पाळी लावायचं काम संस्थेचं. मी तिथं सचिव. दोन हजार दोन-तीनचा सुमार असेल, चेअरमनच्या डोक्यात आलं की पाळ्या संगणकावर लावायच्या. कोणीतरी सोमाचं नाव सुचवलं. पहिल्या दिवशी तो एसटीतून उतरला तो भलामोठा मॉनिटर कडेवर पोरासारखा घेऊन. मी म्हणालो, "पावणं, हमाल करायचा की." तर म्हणाला, "हमालानं आपटला तर पाळी कोण लावनार? तुमी?" तिथून आमची दोस्ती. पुढं अहो-जाहो गेलं, तो मला 'रामभाऊ, तू' म्हणायला लागला आणि मी त्याला नुसतं सोम्या.

त्यानं केलेली व्यवस्था आमच्या भागात कोणी पाहिली नव्हती. आमच्या ऑफिसात एक मशीन, तिला तो सर्व्हर म्हणायचा. तीन गावांत तीन खिडक्या, तिथं एकेक जुना संगणक, फोनच्या तारेनं आमच्या मशीनला जोडलेला. त्याच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत एकच गोष्ट दिसायची, आत्ता पाळी कोणाची. पाटकरी, म्हणजे पाटाची दारं उघडझाप करणारा माणूस, खिडकीत डोकावायचा, नाव बघायचा आणि त्या शेताचं दार उघडायचा. मशीनमध्ये लिनक्स होतं, म्हणजे संगणक चालवणारी मूळ प्रणाली, तेही सोमानंच बसवलेलं. एकदा मी त्याला विचारलं, "तुमचं गाव पाण्यात गेलं आणि तू त्याच पाण्याच्या आमच्या पाळ्या लावतोस, तुला काय वाटत नाही का रे?" तो हसला. म्हणाला, "वाटतं ना. पन पाणी गेलं ते गेलं, निदान भांडनं तरी नकोत त्याच्यावरून."

आता आमच्या भांडणाचं सांगतो, कारण आम्ही दोघं सदानकदा एकाच गोष्टीवरून भांडायचो. लिनक्स दोन तऱ्हांनी ठेवता येतं. एक स्टेबल, म्हणजे स्थिर. एकदा बसवलं की दोन-दोन वर्षं त्याला हात लावायचा नाही, फार तर एखादं भोक बुजवायचं. दुसरं रोलिंग, म्हणजे वाहतं. जगात कुठंही काही सुधारणा झाली की ती चार दिवसांत आपल्या मशीनमध्ये. सोमा दुसऱ्या पंथाचा. आमच्या फोनच्या तारेवरून एवढं सगळं उतरायचं नाही, म्हणून हा बाबा दर पंधरवड्याला पुण्याहून त्या सुधारणा उतरवलेल्या तबकड्या, सीड्या घेऊन यायचा, सदऱ्याच्या आत पोटाशी धरून, धूळ लागू नये म्हणून. मी पहिल्या पंथाचा. माझा स्वभावच तसा. माझ्या घरातली तिन्ही घड्याळं रेडिओवरच्या सातच्या बातम्यांच्या ठोक्याला मिळवलेली असतात, हातातलंही. बायको म्हणते, सूर्य चुकेल पण तुमचं घड्याळ नाही. चाललेलं चालू द्यावं, हे माझं धोरण.

"सोम्या, चालत्या गाड्याला खीळ कशाला घालतोस?" मी म्हणायचो.

"रामभाऊ, रोज थोडं बदललं की रोज थोडंच बिघडतं, आन् काय बिघडलं ते लगेच कळतं. तुझं स्टेबल म्हंजे दोन वर्सं घर झाडायचं न्हाई आन् दिवाळीला सगळा पसारा एकदम काढायचा. मंग सुई हरवली का मुसळ हरवलं, तेच कळत न्हाई."

"अरे, पण पाटाच्या पाण्याला तुझं रोजचं थोडं बिघडलेलं चालत नाही! पाळी चुकली की माणूस माणसाच्या अंगावर जातो."

तो बोट वर करायचा. "हां, हे मात्र खरं बोललास." आणि पुढच्या पंधरवड्याला परत सीड्या घेऊन हजर.

त्याचं सगळंच चूक होतं असं नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. सुरुवातीला आमच्या पडद्यावर मराठी नावं धड दिसायची नाहीत. वेलांटी एकीकडं, अक्षर दुसरीकडं, जोडाक्षराचे तर तुकडेच. आमच्या चारीवर, म्हणजे पाटाच्या फाट्यावर, दादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, शेताला लागून विठ्ठलअण्णांचं शेत. अण्णांचं नाव असं फुटायचं की तो माणूस खिडकीत उभा राहून म्हणायचा, "ह्यो कोन माणूस हाय? मला तर कुनी मेलेला दिसतोय." स्टेबलमध्ये याला औषध नव्हतं, ते यायला वर्ष-दीड वर्ष लागणार होतं. सोमानं वाहत्या आवृत्तीतून ते आधीच उचलून आणलं. एका सकाळी पडद्यावर 'विठ्ठल' हे नाव अखंड उमटलं. अण्णा बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "आता कसं, माझं नाव माझंच दिसतंय." सोमाला त्यांनी घरी नेऊन मासवडी खाऊ घातली. पण त्यानंतर दोनच महिन्यांनी नवीन काहीतरी टाकल्यावर खिडक्यांचे पडदे दोन दिवस कोरे राहिले आणि मला तिन्ही गावांच्या पाळ्या हातानं लिहून वाटाव्या लागल्या. मी त्याला इतकं बोललो, इतकं बोललो, की चेअरमन मध्ये पडले. त्या दिवसापासून मी त्याच्या मागं लागलो होतो, स्टेबल टाक, स्टेबल टाक. तो नुसता हसायचा.

पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आवर्तन चालू होतं, विहिरींनी तळ गाठला होता. सोमा त्याच्या गावच्या जत्रेला गेला होता. सकाळी आठच्या सुमाराला वीज गेली नि आली, तर मशीन सुरू होईना. आतला घड्याळाचा सेल मेला होता. आमच्या त्या जुन्या मशीनला हा रोग होता, मागं एकदा मी स्वतः सेल बदललेला. गोल बटणासारखा सेल असतो, घड्याळाच्या दुकानात मिळतो. एक जादा आणून ठेवला होता, तो बसवला, मशीननं तारीख-वेळ विचारली, मी हातातल्या घड्याळात बघून लावली. साडेआठला पाच कमी. मशीन सुरू झाली, मी मॉनिटर बंद केला आणि हात झटकून चहाला गेलो. फार बरं वाटलं होतं मला, सोमा नसतानाही माझं अडलं नाही म्हणून.

त्या दिवशी आठ ते एक पाळी विठ्ठलअण्णांची आणि एक ते सहा माझ्या दादाची. नवाच्या आसपास पाटकरी खिडकीत डोकावला तर पडद्यावर दादाचं नाव. त्यानं जाऊन अण्णांचं दार लावलं आणि दादाचं उघडलं. अण्णा धावत आले, "आरं, माझं पाणी का तोडलं?" पाटकरी म्हणाला, मशीन सांगतंय. दादाही म्हणाला, मशीन सांगतंय. उरलेल्या चार तासांच्या पाण्यासाठी नव्हे, डोळ्यांदेखत वाफा अर्धा कोरडा राहिला म्हणून अण्णा दार उचलायला वाकले, दादानं अडवलं, झोंबाझोंबी झाली आणि दादाच्या हातातलं फावडं अण्णांच्या उजव्या हातावर बसलं. दोन्ही माणसं चाळीस वर्षं एका बांधावर भाकरी खाल्लेली. अण्णांची दोन बोटं आजही सरळ होत नाहीत.

सोमा दुपारच्या एसटीनं आला तेव्हा ऑफिससमोर दोन्ही बाजूंची माणसं उभी होती, वातावरण असं की काडी टाकली तर पेट घेईल. तो थेट आत गेला, मशीनपुढं बसला. मी मागं उभा. दहा मिनिटांत त्यानं आधी मशीनची वेळ सुधारली, मग मान न वळवता विचारलं, "रामभाऊ, सेल तू बदलला?" मी म्हणालो, "हो, आणि वेळही लावली. चिंता नको, सातच्या ठोक्याला मिळवलेलं घड्याळ आहे माझं." तो वळला आणि माझ्याकडं बघत राहिला. तेव्हा मला वाटलं, याला आपली चूक कळली आणि हा घाबरला. मग तो उठून बाहेर गेला आणि सगळ्यांसमोर चेअरमनला म्हणाला, "माझ्यामुळं झालं. मी नवीन आवृत्ती टाकली व्हती, तिनं वेळ पुढं ढकलली. ह्यात ना अण्णांचा दोष, ना दादांचा." एका क्षणात सगळं थंड झालं. दोघांनाही भांडण सोडायला जागा मिळाली. दोष तिसऱ्याचा, आणि तोही बाहेरगावचा, ज्याचं या पाटावर वीतभर शेत नाही. प्रकरण पोलिसांत गेलं नाही, गावातच मिटलं. सोमाला मात्र तिथल्या तिथं कामावरून काढलं. दोन वाजले होते, तो सामान आवरायला आत निघाला. मी काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, "तुला किती वेळा सांगितलं होतं, सोम्या."

नंतर त्यानं घोडेगावला दुरुस्तीचं दुकान टाकलं. आमची मशीन पुढं तीन वर्षं चालली, नवीन आली तेव्हा जुनी त्यानं मागून नेली. दोस्ती तुटली नाही, हे त्याचं मोठेपण. मी घोडेगावला गेलो की त्याच्या घरी चहा ठरलेला. आणि इकडं माझं नाव झालं. संस्थेत एवढा अनर्थ होऊन मशीन नंतर तीन वर्षं एका मिनिटानं चुकली नाही, म्हणून मला शिबिरांना बोलवायला लागले. मी सांगायचो, सर्व्हरला रोलिंग नको, स्टेबलच हवं, हे बघा आमच्याकडं काय झालं. एकदा तर सोमा श्रोत्यांतच बसला होता, त्याच्या तालुक्यातलं शिबिर म्हणून. मी जरा चाचरलो, पण गोष्ट सांगितलीच. लोक हसले तेव्हा तोही हसला. बाहेर आल्यावर म्हणाला, "बरोबर बोललास राव. सर्व्हरला स्टेबलच पायजे." अरे देवा! मला वाटलं, चला, शेवटी याला पटलं.

तेराव्याच्या आधी मी त्याच्या घरी गेलो. सोमाची बायको, पारूवहिनी, म्हणाल्या, "भाऊ, ह्यांचे फोटो त्या जुन्या मशीनमधी हायेत, एक मोठा करून घ्यायचाय." मशीन घरातच होती, चालू होती. पासवर्ड आमच्या संस्थेत होता तोच. फोटो शोधता शोधता मला जुन्या नोंदींची जागा सापडली. मशीनमध्ये कधी काय टाकलं, कधी बंद पडली, कधी सुरू झाली, सगळं मशीन स्वतःच लिहून ठेवते. सोमानं त्यातलं काही पुसलं नव्हतं. म्हटलं, बघू या त्या दिवशी त्यानं नेमकं काय टाकलं होतं. इतकी वर्षं सांगतोय, एकदा डोळ्यांनी पाहू.

त्यानं काहीच टाकलं नव्हतं... त्या दिवशी नाही, आदल्या दिवशी नाही, त्या आठवड्यातही नाही. वर वर सरकत गेलो तर नोंदींची सुरुवातच लागली. मारामारीच्या तीन आठवडे आधी सोमानं ती मशीन पुरी पुसून नव्यानं बसवली होती. आणि बसवलं होतं ते स्टेबल! मी वर्षभर ज्याच्यासाठी घसा कोरडा केला, तेच. माझं ऐकलं होतं त्यानं, फक्त मला सांगितलं नव्हतं. हरलो म्हणायला जीभ रेटली नसणार.

मग त्या सकाळच्या नोंदी. आठ वाजून दहा मिनिटांनी वीज गेली. त्याच्या खालची ओळ, मशीन सुरू झाली, वेळ दुपारचे एक वाजून पंचावन्न. मी वेळ लावली होती आठ पंचवीसची. मधला फरक मी बोटांवर मोजला. साडेपाच तास. हा फरक भारतात संगणकाला हात लावणाऱ्या माणसाला पाठ असतो, आपली वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढं. नव्यानं बसवलेली स्टेबल आवृत्ती आतल्या घड्याळाची वेळ ग्रिनिचची समजत होती आणि तिच्यात स्वतः साडेपाच तास मिळवत होती. आधीची तसं करत नव्हती, म्हणून मागच्या खेपेला मी लावलेली वेळ चालून गेली होती. या खेपेला मी सातच्या ठोक्याची खरी वेळ घातली आणि मशीननं इमानानं तिच्यात साडेपाच तास मिळवले. अण्णांचं पाणी मी तोडलं होतं. माझ्या सख्ख्या भावाच्या शेतात मी नेलं होतं.

मी तिथं किती वेळ बसलो ते सांगता येत नाही. वहिनी आल्या, पडदा बघितला, माझं तोंड बघितलं. मी म्हणालो, "वहिनी, ती चूक सोमाची नव्हती. माझी होती." त्या शांतपणे म्हणाल्या, "ठावं हाय मला."

"कधीपासून?"

"त्याच दिशीपासनं. घरी आले तवाच सांगितलं व्हतं."

आठ वर्षं! या बाईनं आठ वर्षं मला चहा करून दिला होता. मी ओरडलोच जवळपास, "मग बोलला का नाही तो? मला तरी सांगायचं!" वहिनी खाली बसल्या. "पानी तुमच्या दादांच्या शेतात गेलं व्हतं ना भाऊ. तुमी वेळ लावली हे कळलं असतं, तर त्याला कुनी चूक म्हनलं असतं का? चोरी म्हनले असते. ते म्हनायचे, माझं पाटावर शेत न्हाई, मला लोक येडा म्हनतील, रामभाऊला चोर म्हनतील. येडं ऱ्हायलेलं बरं." मग म्हणाल्या, "आन् त्यांच्या मनाला ते बी लागलं व्हतं. मशीन बदलली हे मी रामभाऊला सांगितलं असतं, तर त्यानं घड्याळाला हात लावला नसता, असं म्हनायचे. आपली बी चूक हाय, म्हनायचे."

घरी येऊन मी आधी दादाला सांगितलं. तो उठून गोठ्यात गेला. मग आम्ही दोघं अण्णांकडं गेलो. अण्णा ओट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं, साडेपाच तासांचं, सेलचं, वहिनींचं. वाटलं होतं, शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "त्याच्या घरी मागं कोन कोन हाय?" मी म्हणालो, बायको आणि बारावीतली मुलगी. म्हणाले, "मला घेऊन चल."

जाण्याआधी एक प्रश्न मला कुरतडत होता. त्या प्रसंगानंतर मशीन आमच्याकडं तीन वर्षं होती. त्या तीन वर्षांत मी आणखी दोनदा सेल बदलला आणि दोन्ही वेळा तशीच, हातातल्या घड्याळावरून वेळ लावली. स्टेबल तर तेच होतं. मग साडेपाच तास परत का नाही चुकले? शिबिरांत मी सांगायचो, बघा, स्टेबलचा गुण. पण आता मला कळत होतं की स्टेबलनं ते चुकवायलाच हवं होतं.

म्हणून परवा अण्णांना घेऊन घोडेगावला गेलो तेव्हा वहिनींना विचारून परत त्या मशीनपुढं बसलो. अण्णा शेजारी खुर्चीत, उजवा हात मांडीवर. घड्याळ कोणत्या वेळेचं समजायचं हे ज्या फायलीत लिहिलेलं असतं, ती उघडली. तिथं ग्रिनिच खोडून 'इथली वेळ' असं केलेलं होतं. म्हणजे मी हातातल्या घड्याळावरून कितीही वेळा वेळ लावली तरी मशीननं ती जशीच्या तशी धरावी, काही मिळवू नये. त्याच्या वर एक ओळ होती. अशा ओळी मशीन वाचत नाही, पुढं फाइल उघडणाऱ्या माणसासाठी लिहून ठेवायच्या असतात. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं, रामभाऊ लावील ती वेळ खरी. बदलू नये.

अण्णांनी विचारलं, "काय लिवलंय?" मी वाचून दाखवलं. वहिनी दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. ही ओळ त्यांनाही माहीत नव्हती.

अण्णा म्हणाले, "हे त्यानं कामावरनं काढायच्या आधी लिवलं का नंतर?"

फायलीवर वेळ असते. मी बघितली. "नंतर. दोन चाळीसला."

"म्हंजे आपुन त्याला काढलं, आन् त्याच्या म्होरं चाळीस मिनटं तो तिथंच बसून तुझं घड्याळ नीट करत व्हता."

मी मान हलवली.

अण्णा वाकड्या बोटांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "त्या चाळीस मिनटांत त्याला कुनी पानी तरी इचारलं व्हतं का रे, राम?"

मी त्या वेळी बाहेर ओट्यावरच होतो, दादाजवळ. चहा आला होता, आम्ही सगळ्यांनी घेतला होता. आत कोणीच गेलं नव्हतं.